पडघान सरांनी इशारा दिला होता

आमच्या कॉलेजची स्मरणिका परवा घरी आली. जुन्या शिक्षकांच्या पानावर नारायण पडघान या नावापुढे तीन ओळी आहेत. पदार्थविज्ञानाचे प्रयोग घेत. स्वभाव तापट. जिनिंगमध्ये कोणताही इशारा न देता गोळी झाडल्यामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला व त्यांची नोकरी गेली. लिहिणाऱ्याचा दोष नाही. कोर्टाच्या कागदातही हेच आहे, आणि तिथे ते माझ्या तोंडून गेलेलं आहे.

इशारा दिला होता. सरांच्या सांगण्यावरून तो मी दिला होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांपैकी आता मी एकटा उरलोय, म्हणून आधी हे लिहून टाकलं. पुढचं पडघान सरांविषयी आहे, कारण "तापट" या शब्दात तो माणूस मावत नाही.

वरवट बकालचा हा धिप्पाड माणूस चिखलीच्या आमच्या कॉलेजात आला तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी ते लष्कराच्या एका मैदानावर तोफगोळ्यांचे वेग मोजायचं काम करत. त्या आवाजांनी त्यांचा डावा कान निकामी केला होता. खादीचा सदरा, वर लष्करी पट्टा, पायात टायरच्या चपला. शिकवताना खडू मोडायचा, डस्टर फेकायचे, बाकावर मूठ आपटायचे. एकदा फळ्याला तडा गेला. शिपायाने दुसरा आणला तर म्हणाले, राहू दे, मोडक्यावर लिहायची सवय असलेली बरी. मी तेव्हा रसायनशास्त्राचा नवा, तात्पुरता शिक्षक होतो. फोटोच्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, धुवायला येतात म्हणून त्यांनी मला धरलं आणि मग सोडलं नाही.

त्यांचा पहिला तास गावभर गाजलेला होता. वर्गात येताना बैलगाडीवाल्याचा लांब आसूड घेऊन यायचे. काही न बोलता पोरांच्या डोक्यावरून तो असा ओढायचे की कानठळ्या बसत. मग विचारायचे, आवाज कशाचा झाला? कोणी म्हणायचं चामड्याचा, कोणी म्हणायचं हवेचा. चुकीच्या उत्तराला चापट ठरलेली. बरोबर उत्तर ते स्वतःच द्यायचे. आसुडाचं टोक आवाजाहून जोरात जातं, हवा फाटते आणि ती फाटल्याचा हा आवाज.

एका वर्षी हवेबरोबर शेषराव नावाच्या पोराच्या कानाची पाळीही फाटली. रक्त सदऱ्यावर आलं. सरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, टाके घालेपर्यंत त्याचं डोकं धरून बसले आणि दुसऱ्या दिवशी भरवर्गात आसूड त्याच्या हातात दिला. सदरा काढून पाठ केली आणि म्हणाले, "मार." शेषराव रडायला लागला. "मार बे. बाकीचे पाहून राह्यले." शेवटी त्याने मारला. पाठीवर लाल वळ उठला. सरांनी वळून शांतपणे विचारलं, "आवाज काऊन नाही झाला? मनगटाचा झटका कमी पडला. पुन्हा." शेषरावने पुन्हा मारला, तिसऱ्यांदाही मारला, आणि तिसऱ्या वेळी खरोखर कडाड् आवाज झाला. सर हसले. म्हणाले, याला आलं. पाठीतून रक्त येत होतं. तो शेषराव पुढे इंजिनियर झाला.

माणसांना समजावायची त्यांची पद्धत हीच. एकदा शिक्षकांच्या खोलीत संस्कृतच्या वैद्य सरांनी विचारलं की विमान आवाजाहून जोरात गेलं तर एवढं काय बिघडतं. सर म्हणाले, दाखवतो. बाहेर लांब व्हरांडा होता, तास सुटल्याची गर्दी होती. सर एका टोकाला गेले आणि "हटा, हटा" ओरडत सुसाट धावत आले. माणसं बाजूला झाली, सर सगळ्यांच्या मधून निघून गेले. परत त्या टोकाला गेले. या वेळी ओरडले नाहीत. तेवढ्याच वेगाने आले ते सरळ वैद्य सरांवर. वैद्य सर चार पोरांना घेऊन भिंतीवर आपटले. त्यांचा पुढचा दात पडला.

सरांनी त्यांना उठवलं, धोतर झटकलं आणि म्हणाले, "पहिल्या खेपेले खबर आधी पोचली, हवा बाजूले झाली. दुसऱ्या खेपेले खबर पोचायच्या आधी मीच पोचलो. मंग हवा अशी थराथरानं साचते आन् तिची भिंत होते. विमानाचं अर्धं तेल ती भिंत फोडण्यात जाते. समजलं?"

वैद्य सर तोंड धरून म्हणाले, "समजलं." पुढे वर्षभर ते सरांशी बोलले नाहीत. विमानांविषयी तर कोणाशीच बोलले नाहीत.

त्या भिंतीचं काय करायचं, या एका प्रश्नाने सरांना पछाडलं होतं. विमानाचं नाक टोकदार करा, असं जग म्हणत होतं. सर म्हणत, सुई केली तरी भिंत ती भिंतच, फक्त कललेली. मग लेसर आला. वाचनालयातल्या मासिकात त्यांनी त्याविषयी वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी मला फळ्यावर चित्र काढून दाखवलं. विमान, आणि त्याच्या नाकातून पुढे निघालेली उजेडाची रेघ. उजेड सगळ्यांच्या आधी पोचतो. त्या रेघेने नाकापुढची हवा जागेवरच पेटवली, तापवली, की ती विरळ होते. विरळ हवेत भिंत मऊ पडते, मागे सरते आणि विमान त्या पोकळ वाटेने सोपं निघून जातं. मी म्हणालो, हे कोणी केलंय का? म्हणाले, माहीत नाही. मी करतो.

एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत लेसर आहे असं कळल्यावर आम्ही दोघे गेलो. तिथले एक तरुण शास्त्रज्ञ सभ्य होते. त्यांनी दिवे घालवले. यंत्र घुंईऽ करत भरत गेलं, बोटाएवढ्या माणकाच्या कांडीतून लाल चमक निघाली आणि भिंगापुढे, मोकळ्या हवेत, जिथे तार नाही की वात नाही, तिथे निळीपांढरी ठिणगी कडाडली. आवाज थेट आसुडाचा. सर जागचे हलले नाहीत. अंधारात मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा दाखवा म्हणाले. शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुन्हा म्हणाले.

मग त्यांनी आपली कल्पना सांगितली. "साहेब, हे गोळीच्या पुढं फोडा. हवा फोडा आधी."

शास्त्रज्ञ हसले. "तुमच्याकडे हवासुद्धा फोडतात वाटतं, नारळासारखी?" बाकीचे दोघे-तिघेही हसले. म्हणाले, कल्पना गमतीची आहे, पण आमच्या यंत्रापुढे बंदूक आणता येणार नाही. मऊ झालेल्या भिंतीचा एक फोटो आणा, मग बोलू.

हे सगळं ठीक होतं. पण त्यांनी जाताना सरांच्या पाठीवर थाप मारली. सरांनी त्यांची कॉलर धरून त्यांना जमिनीवरून उचललं. पहारेकऱ्यांनी काठ्यांनी सोडवलं. परतीच्या गाडीत सरांच्या नाकातलं रक्त थांबत नव्हतं आणि चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा होता. "फोटो मांगतला ना त्यानं? बस. फोटो देऊ."

लेसर नव्हता, पण ठिणगी होती. गावाबाहेर करीमसेठची जिनिंग होती. कपाशीचा हंगाम संपला की रेचे, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं, उन्हाळाभर बंद पडून असत. करीमसेठ शिकारीचे शौकीन, त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. ते म्हणाले, मास्टरसाब, इल्म का काम है, शेड घ्या, रायफल घ्या, फक्त माझ्या सरकीच्या पोत्यांना आग लावू नका.

त्या लांब शेडमध्ये सरांनी महिनाभर खपून मांडणी केली. एका टोकाला रायफल लाकडी ओंडक्यात जखडलेली. दुसऱ्या टोकाला गोळी अडवायला सरकीच्या पोत्यांची भिंत. मध्ये दोन ठिणग्या. पहिली गोळीच्या वाटेवर, हवा तापवायला. दुसरी बाजूने, निमिषभर उजेड पाडून गोळीची आणि तिच्यापुढच्या हवेची सावली काचेवर उमटवायला. ट्रकच्या कॉइली, वीज साठवायला बरण्यांना आतबाहेर चिकटवलेले वर्ख, तारांचं जंजाळ. शेडमध्ये काळोख हवा म्हणून खिडक्यांना गोणपाट ठोकलं. दोनदा सरांना विजेचा असा झटका बसला की ते फेकले गेले. उठून पहिला प्रश्न, "ठिणगी पडली का?"

जिनिंगमधला सखाराम अधूनमधून यायचा. शेवटच्या रेच्यावर कापूस घालणारा, पन्नाशीचा, वाळलेला माणूस. रेच्याच्या पात्यात दोन बोटं गेलेली. हंगाम नसला तरी म्हशीसाठी सांडलेली सरकी न्यायला येई आणि उंबऱ्यावर बसून आमची गंमत पाही.

"मास्तर, हवेले काऊन मारून राह्यले? तिनं का केलं तुमचं?"

"तिले मारत नाही रे. तिले समजावून राह्यलो."

"तुमचं समजावणं पाह्यलं आम्ही. वैद्य मास्तरचा दात इचारा."

सर यावर मोठ्याने हसले. त्यांना असं बोललेलं चालायचं असे दोघेच, एक सखाराम आणि दुसरे करीमसेठ.

आधीच्या गोळ्या वाया गेल्या. कधी ठिणगी उशिरा पडली, कधी काच कोरी आली. गोळी झाडण्याआधी सर "हटा" म्हणून ओरडायचे. त्या दिवशी बाहेर वावधन सुटलं होतं, पत्रे वाजत होते, ओरडणं बाहेर पोचलं नसतं. सर म्हणाले, काहीतरी वाजव म्हणजे कोणी असलं तर दूर होईल. दाराजवळ रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि शेजारी हातोडा. मी म्हणालो, हा वाजवतो. सर म्हणाले, वाजव.

सरांचा डावा कान गेलेला आणि उजव्यात बार सहन व्हावा म्हणून कापसाचा बोळा. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. म्हणून त्यांच्या मनगटाला दोरी बांधून तिचं टोक माझ्याकडे ठेवलं होतं. रूळ वाजवून झाला की मी दोरी ओढायची, मग ते घोडा दाबणार.

मी कॉलेजातला माणूस. घंटा झाली की खोली रिकामी होते, एवढंच मला माहीत. जिनिंगमध्ये उलटं असतं. रूळ वाजला म्हणजे मोठा पट्टा फिरणार, ज्याने त्याने धावत आपापल्या रेच्यावर उभं राहायचं. उशीर झाला तर मिस्त्रीची लाथ. सखाराम वीस वर्षं त्या रुळावर धावत आला होता. त्या दिवशी तो मागच्या बाजूला सरकी गोळा करत होता. बंद हंगामात रूळ कसा वाजला, हा विचार त्याच्या डोक्यात येण्याआधी त्याचे पाय निघाले असणार.

मी रूळ वाजवला. दोरी ओढली. मागचं छोटं दार उघडलं, उन्हाची पट्टी आत पडली आणि सखाराम पोत्यांजवळच्या आपल्या रेच्यापुढे, गोळीच्या वाटेतच, येऊन उभा राहिला. ठिणगी कडाडली, बार झाला. तो पोत्यांच्या भिंतीला टेकून बसल्यासारखा घसरला. गळ्याखाली लागली होती. रक्त सरकीवर पडत होतं आणि सरकी ते पीत होती.

सर धावत गेले. सदरा फाडून जखमेत कोंबला, त्याला खांद्यावर घेतलं आणि वाऱ्यात रस्त्याने दवाखान्याकडे पळत सुटले. अर्ध्या वाटेत सखाराम गेला. वाटेवर त्याचीच वस्ती होती. लोकांनी रक्ताने माखलेले पडघान मास्तर पाहिले, खांद्यावर सखाराम पाहिला. मग जे सापडलं त्याने मारलं. काठ्या, जोडे, तुराट्या, एकाने बैलगाडीची खुंटी. हा माणूस मनात आणता तर त्यातले पाच-सहा लोळवले असते. त्यांनी सखारामला हलकेच खाली ठेवलं, त्याच्यावर पालथे पडले आणि मार खाल्ला. त्याला आता लागू नये म्हणून की स्वतःला लागावं म्हणून, मला कधीच कळलं नाही. मी मागून धावत आलो होतो. गर्दी दिसल्यावर एका गोठ्यात शिरलो आणि पोलीस येईपर्यंत तिथेच राहिलो. बरगड्या मोडल्याचा आवाज मी तिथून ऐकला.

फौजदारांनी मला एकच विचारलं. गोळी झाडण्याआधी इशारा झाला होता का? इशारा झाला म्हटलं तर कोणी दिला, कशाने दिला, हे येणार. रूळ कशासाठी असतो हे तोवर मला जिनिंगच्या मिस्त्रीने सांगितलं होतं. बायको गरोदर होती, नोकरी तात्पुरती होती. मी म्हणालो, नाही. मी मागे काचेपाशी होतो, असंही सांगितलं. रूळ ऐकणारा आसपास दुसरा एकच माणूस होता, आणि तो मेला होता.

कोर्टात सरांना विचारलं, इशारा झाला होता का? सगळा खटला त्यावर होता. मी साक्षीदारांच्या बाकावर बसलो होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोरीले झटका बसला होता. आवाज मी आयकला नाही."

त्यांचा वकील घाईने म्हणाला, पण इशारा द्यायचं ठरलं होतं, म्हणजे तो झालाच असणार, तसं सांगा.

"माया कानानं जे आयकलं नाही, ते झालं म्हणून मी कसं सांगू?"

शिक्षा झाली. करीमसेठचा परवाना गेला. त्यांनी सरांविरुद्ध शब्द काढला नाही, माझ्याशी मात्र त्यानंतर बोलले नाहीत. मी नोकरीत कायम झालो.

त्या दिवशीची काच मी धुतली होती. दार उघडल्याने आत आलेल्या उन्हाने ती पूर्ण काळी पडली होती. भिंत मऊ झाली की नाही हे कोणालाच कळलं नाही. आता परदेशात लेसरने हेच करून पाहतात असं वाचतो. चित्रंही येतात. विमानाच्या नाकापुढे उजेडाचा ठिपका आणि त्याच्यामागे वाकलेली, विरलेली भिंत. सरांनी फळ्यावर काढलेलं चित्र मला आठवतं. त्यात आणि यात खडूच्या जाडीचा फरक आहे.

सुटून आल्यावर ते वरवट बकालला भावाच्या शेतात राहत. मी जायला बरीच वर्षं लावली. गेलो तेव्हा वेचणी संपून वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि सर त्या नुसत्या हातांनी उपटत होते. लोक त्यासाठी चिमटा वापरतात. ते पऱ्हाटी मुठीत धरून अशी हिसडत होते की मुळाबरोबर ढेकूळ वर येई, मग ती नडगीवर आपटून माती झाडत. नडगीवर जुन्यानव्या जखमा होत्या. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच होती.

मी बांधावरूनच बोलायला लागलो. उशीर केला असता तर बोललो नसतो. म्हणालो, सर, मी खोटं बोललो. रूळ मी वाजवला होता. मी आता जाऊन पोलीस साहेबांना लिहून देतो, काय होईल ते होवो.

ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. मी पऱ्हाट्यांत पडलो, गालात काडी घुसली. त्यांनी दंडाला धरून मला उभं केलं, काडी उपटून काढली.

"आज सांगून राह्यला? सखारामची बायको मेली. पोरगं सुरतेले गेलं. कोणाले सांगतं आता?"

मी म्हणालो, तुमच्या नावावरचा डाग तरी जाईल.

"सखाराम तुया रुळानं आला आन् माया गोळीनं गेला. दोघायचं हाये ते. माया अर्ध्याची सजा मी भोगली. तुयं अर्धं तू ठेव. माया नावावर ढकलू नको आन् साहेबायच्या टेबलावर बी टाकू नको." मग त्यांनी विचारलं, "काच कशी आली होती?"

"काळी."

त्यांनी मान हलवली. वावराकडे हात केला. "ती वळ ओढ."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि त्यांच्या शेजारची ओळ धरली. चार पऱ्हाट्यांत हाताची सालं निघाली. त्यांच्या बाजूने ढेकूळ नडगीवर आपटल्याचा आवाज येई, माझ्या बाजूने बहुतेक काडी मोडल्याचा. ते मोडलेली पाहत आणि आपली पुढची धरत. दुपारची एसटी दिसली तेव्हा माझी ओळ निम्मी राहिली होती. ती गेली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. मी म्हणालो, सर, निघतो. ते वाकलेलेच होते.

मी रस्त्यावर पोचलो, गाडीत चढलो, खिडकीशी बसलो. हातातून रक्त येत होतं ते रुमालात धरलं. गाडी सुटताना वावराकडे पाहिलं. सरांनी आपली ओळ अर्धी सोडली होती आणि माझी उरलेली ते ओढायला लागले होते.